अपीलवाले काकाजी

काकाजींच्या सदऱ्याला छातीवर दोन खिसे असतात आणि दोन्हींचा कारभार वेगळा असतो. डाव्या खिशात दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं, उजव्या खिशात दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरी. डावा खिसा महाराष्ट्र शासनाचा, उजवा भारत सरकारचा. एकदा काकूंनी सदरा धुवायला टाकताना दोन्हींतला ऐवज एकाच डब्यात ठेवला, तर घरात संध्याकाळपर्यंत अबोला. कोर्ट फी तिकिटाचा अर्ज केंद्राच्या कार्यालयात गेला तर फी भरलीच नाही असं समजून तो परत येतो, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही काकूंना कळू नये याचं त्यांना वाईट वाटलं होतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत त्यांना ‘अपीलवाले काकाजी’ म्हणतात. असं एखादं माणूस आता बहुतेक तालुक्यांच्या गावी सापडतं. पूर्वी गावोगाव कोर्टबाज असायचे, बांधाच्या वीतभर जमिनीपायी तीन पिढ्या वकील पोसणारे. १२ ऑक्टोबर २००५ रोजी माहितीचा अधिकार कायदा लागू झाला आणि त्या जमातीला वकिलाशिवाय जगण्याची सोय झाली. वय पंच्याहत्तरीच्या पुढचं, पेन्शन वेळेवर, मुलगा पुण्यात, आणि खांद्याला रेक्झिनची बॅग. बॅगेत पंचिंग मशीन, टॅग, कार्बन पेपर, आणि कायद्याचं पुस्तक. या पुस्तकाची कलम ६, ७, ८, १९ आणि २० एवढीच पानं काळवंडलेली आहेत. बाकीचं पुस्तक कोरं करकरीत.

हे पीक भद्रावतीत इतकं जोमदार का आलं याचं उत्तर गावाच्या नकाशात आहे. तहसील, पंचायत समिती, नगर परिषद, वन विभाग ही राज्याची मंडळी. तिथं काही अडलं तर शेवटचं अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडं. पण आयुध निर्माणी केंद्राची, माजरी भागातल्या वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, खाणी केंद्राच्या, भांदकचं रेल्वे स्टेशन केंद्राचं, पोस्ट आणि स्टेट बँक केंद्राची, विजासन टेकडीतल्या बौद्ध लेण्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या, म्हणजे त्याही केंद्राच्या. त्यांची अपिलं दिल्लीला, केंद्रीय माहिती आयोगाकडं. आणि बरांजची खाण? ती कर्नाटक सरकारच्या वीज महामंडळाची. कोळसा आमचा, उजेड त्यांचा. तिथलं अपील थेट बंगळूरला, कर्नाटकाच्या आयोगापुढं. एका तालुक्यात बसून तीन आयोगांशी पत्रव्यवहार करण्याचं भाग्य देशात फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल, आणि काकाजींना त्याची जाणीव आहे.

वाघाचा प्रश्न त्यांनी असाच सोडवला होता. आयुध निर्माणीचा परिसर मोठा आणि झाडीचा; ताडोबाकडचा वाघ अधूनमधून तिकडंही फिरकतो. टपरीवर कोणीतरी विचारलं, की आता या वाघाची माहिती मागायची तर कोणाकडं? काकाजींनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

“वाघ भिंतीच्या अल्याड असन तं वन विभाग, म्हंजे नागपूर. भिंतीवरून उडी मारली का दिल्ली.”

“अन् भिंतीवरच बसला असन तं?”

“कलम सहा-तीन,” काकाजी म्हणाले. “ज्याच्या ताब्यात माहिती हाये त्याच्याकडं पाच दिवसांत अर्ज वर्ग करा लागते. वाघ तवरिक उतरते.”

या सगळ्या पत्रव्यवहारात एक मेख होती. अर्जदार भद्रावतीचा असला तरी भद्रावती एक नाही. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यात दुसरी आहे, लोखंडाच्या कारखान्याची, आपल्यापेक्षा मोठी. एका कार्यालयानं दिलेलं उत्तर पिनकोड चुकल्यामुळं आधी त्या भद्रावतीला जाऊन आलं. लिफाफ्यावर कानडी शिक्का बघून काकाजींनी तो जपून ठेवला आहे. उत्तरात काही नव्हतं. लिफाफा मात्र ते पाहुण्यांना दाखवतात. तेव्हापासून अर्जावर ४४२९०२ हा पिनकोड ते लाल शाईनं लिहितात आणि खाली दोन रेघा मारतात.

नोकरीत ते एका सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर होते. हे कळल्याशिवाय माणूस कळत नाही. फाइल येताना कुठून येते आणि जाताना कुठं बसते हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं, आणि त्यातली कित्येक स्वतःच बसवली. “फाइल हरपत नसते, बाबू,” ते म्हणतात, “फाइल ठेवली असते.” म्हणूनच ‘सदर अभिलेख आढळून येत नाही’ असं उत्तर आलं की समोरच्याच्या कागदावर स्वतःचंच हस्ताक्षर दिसावं तसे ते हसतात. मग बॅगेतून दुसरा कागद निघतो: महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५. सरकारी अभिलेख गहाळ केला तर पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कागद टेबलावर ठेवला की न सापडणाऱ्या फायलींपैकी बऱ्याचशा कपाटाच्या मागून, वरून, एकदा तर चक्क पंख्याच्या खोक्यातून बाहेर आल्या आहेत.

नवख्या माणसाला वाटतं, माहिती मागायची म्हणजे विचारायचं. काकाजी तिथंच हात धरतात. विचारायचं नाही, मागायचं. ‘रस्ता का केला नाही’ असं लिहिलं की संपलं. २००८ साली गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी पीठानं सांगून टाकलं, की एखादी गोष्ट का केली आणि का केली नाही याचं समर्थन म्हणजे कायद्यातली ‘माहिती’ नव्हे; नोंदीत असेल ते मिळेल. निकाल देणारे न्यायमूर्ती शरद बोबडे नागपूरचे, पुढं देशाचे सरन्यायाधीश झाले. हा निकाल काकाजींच्या विरुद्ध जातो, तरी तो आपल्याकडच्या माणसाचा म्हणून त्यांना त्याचा अभिमान आहे. त्या दिवसापासून त्यांनी ‘का’ टाकला. अर्जातून टाकला तसा घरातूनही टाकला.

भाजी अळणी झाली तर ते काकूंना का म्हणून विचारत नाहीत. ते म्हणतात, “आजच्या भाजीत टाकलेल्या मिठाचं प्रमाण सांगा.”

काकू पदराला हात पुसत म्हणतात, “अभिलेख आढळून येत नाही.”

“फोनवर कोण होतं एवढा वेळ?”

“माहिती त्रयस्थ व्यक्तीची हाये.”

तेवीस वर्षांच्या सुनेनंही हे शिकून घेतलं आहे. पुण्याहून आली की ती सासऱ्यांना पहिल्याच दिवशी विचारते, “बाबा, ह्या वेळेस आठ-एक-जे लावू, का सांगून टाकू?” आठ-एक-जे म्हणजे वैयक्तिक माहितीचं कलम, कायद्यातला सर्वांत लाडका दरवाजा. आतून कडी असलेला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात कर्मचाऱ्याचा सेवा अभिलेख आणि मालमत्तेचा तपशील वैयक्तिक ठरवला तेव्हापासून कार्यालयांत हे कलम भिंतीवर चिकटवल्यासारखं पाठ आहे. त्यात २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानं या कलमातला सार्वजनिक हिताचा तुकडाच कापून टाकला. काकाजी म्हणतात, कडी होतीच, आता कुलूप आलं.

अर्जाचं त्यांचं शास्त्र वेगळं. २०१२ पासून महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत हवा. दुसरा माणूस याला जाच म्हणेल; काकाजींनी त्याचं व्रत केलं. वृत्तात लिहिणाऱ्या कवीला जसा चरणाचा धाक, तसा त्यांना दीडशेचा. मुलाला पाठवलेले निरोपही आता एका विषयाचे असतात आणि त्यात नातवाची चौकशी करायची असेल तर ते दुसरा निरोप पाठवतात. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी माफ असते, म्हणून वस्तीतल्या बाया त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतात. त्यांच्याकडून काकाजी एक पैसा घेत नाहीत, फक्त पोच आणून दाखवायची अट. ऑनलाइन अर्जाची सोय केंद्रानं आणि राज्यानं केली आहे, पण पडद्यावर नोंदणी क्रमांक येतो. शिक्का येत नाही. गोल, निळा, अर्धवट उमटलेला, तारखेचा शिक्का मारलेली प्रत हातात आली की त्यांचा चेहरा उजळतो. २०२५ मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, तेव्हा त्या दिवशी ते पोस्टात जाऊन खिडकीसमोर थोडा वेळ नुसते उभे राहिले होते म्हणतात. मला ते खरं वाटतं.

सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात त्यांना भेटायला जाऊ नये. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणं जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी त्या दोन तासांत कोणीही जाऊन अभिलेख पाहू शकतं, अर्ज न करता. दुपारी अडीचला काकाजी तोंड धुऊन निघतात. सोमवारी तीनला चहा करू नका अशी सूचना एका कार्यालयात शिपायाला कायमची दिलेली आहे, कारण मग त्यांनाही द्यावा लागतो, आणि चहा घेतला की ते त्याच्या व्हाउचरची चौकशी करतात.

त्या कार्यालयातले बडेबाबू हे या कथेतलं दुसरं पात्र. कार्यालय कोणतं ते लिहीत नाही. काकाजी माझ्या शेजारी राहतात आणि बडेबाबूही फार लांब राहत नाहीत. बडेबाबू तिथं जन माहिती अधिकारी होते. जन माहिती अधिकारी कोणी मागून होत नाही. कार्यालयात जो नाही म्हणू शकत नाही त्याच्या टेबलावर ती पाटी येते. मूळ काम तेच, पगार तोच, वर ३० दिवसांची टांगती तलवार, आणि माहिती ज्या टेबलावर आहे तो माणूस याचं ऐकत नाही. शेवटी दंड झाला तर याच्याच पगारातून. हे मी बडेबाबूंच्या बाजूनं सांगतो आहे, कारण काकाजींच्या बाजूनं सांगायला काकाजी समर्थ आहेत.

काकाजींनी मागितलं होतं ते अगदी साधं: आमच्या गल्लीतल्या नालीचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबी आणि अंतिम देयक. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. ती मिळाली की ठेकेदाराची कुंडली मिळाली असं समजतात. एकतिसाव्या दिवशी सकाळी काकाजी अंघोळ करून बसले. उत्तर आलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो उत्तर आलं असतं तर दिसला नसता. ३० दिवस उलटले की कलम ७(६) प्रमाणं माहिती फुकट, पानाचे दोन रुपयेही वाचले. आणि मुख्य म्हणजे आता अपील.

पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरच्या साहेबांकडं असतं. ही कायद्यातली एक मजाच आहे. माहिती द्यायची नाही हे ज्यांनी तोंडी सांगितलेलं असतं, त्यांच्याकडंच ती का दिली नाही म्हणून न्याय मागायचा. साहेब खालच्याकडं पाहतात, खालचा पायाकडं पाहतो, आणि आदेश निघतो: अपिलार्थीस पंधरा दिवसांत माहिती पुरवावी. मग पंधरा दिवस जातात. बडेबाबू काकाजींना गणपतीच्या आरतीला भेटतात, प्रसाद देतात, नालीचं नाव कोणी काढत नाही.

मग आयोग. काकाजी हा शब्द उच्चारताना आवाज थोडा खाली आणतात. जन माहिती अधिकाऱ्याला कायद्यानं ३० दिवस दिले, जीव किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. वरच्या साहेबाला ३०, फार तर ४५. अपिलार्थीला ९० दिवसांत दुसरं अपील करायचं बंधन. सगळ्यांच्या मागं घड्याळ लावलं, आणि सर्वांत वरच्या आयोगाला मात्र निकाल कधी द्यावा याची मुदतच कायद्यात ठेवली नाही. दुसरा माणूस याला त्रुटी म्हणेल. काकाजींच्या मते जो सर्वांच्या वर असतो त्याला वेळ विचारायची नसते.

तरी विचारतातच. राज्याचा मुख्य आयुक्त मुंबईत. नागपूर, पुणे, नाशिक, अमरावती अशी ठिकठिकाणी खंडपीठं. निवड करणार कोण? मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेता आणि एक मंत्री. दिल्लीत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि एक केंद्रीय मंत्री. तिथं मुख्य आयुक्त एक आणि इतर दहापर्यंत. ज्यांची कागदपत्रं उघडायची, त्यांच्यातलेच दोघं मिळून उघडणारा निवडतात. ऑगस्ट २०१४ ते जून २०१५ या काळात केंद्रीय आयोगाला मुख्य आयुक्तच नव्हता. २०१९ साली आयुक्तांच्या मुदतीचा आणि पगाराचा निर्णय सरकारनं स्वतःकडं घेतला आणि आधीची पाच वर्षांची मुदत नियमांनी तीनवर आणली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की रिकाम्या जागा वेळेत भरा. लोक क्रिकेटचा स्कोर ठेवतात, तसा काकाजी आयोगांच्या रिकाम्या खुर्च्यांचा हिशेब ठेवतात. महाराष्ट्रात थकलेली अपिलं आणि तक्रारी लाखाच्या वर गेल्याचं पेपरात आलं, तेव्हा त्यांनी ते कात्रण काकूंना दाखवलं. त्या लाखात आपण आहोत, असं काहीसं समाधान त्यांच्या सुरात होतं.

जुने आयुक्त त्यांना पाठ आहेत. पहिले केंद्रीय मुख्य आयुक्त वजाहत हबीबुल्ला. मुंबईचे शैलेश गांधी, जे स्वतः अर्ज करता करता २००८ साली दिल्लीत आयुक्त झाले आणि भराभर निकाल देत सुटले. त्यांच्याबद्दल काकाजींना आदर आहे, पण थोडी नाराजीही. “एवढ्या फास्ट निकाल लागले तं माणसानं करावं का?”

नागपूरच्या सुनावणीची तारीख आली तेव्हा नाली बांधून काही पावसाळे झाले होते. ७५ वर्षांवरच्या माणसाला एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे. तेव्हापासून काकाजींच्या अपिलांची संख्या वाढली, असं बडेबाबूंचं म्हणणं होतं. पहाटेची गाडी, काळा कोट, काकूंनी दिलेली पोळी आणि जवसाची चटणी. मी सोबत गेलो होतो, सिव्हिल लाइन्समधल्या त्या इमारतीत. बाहेर बाकावर विदर्भातले दहा-पंधरा काकाजी बसले होते. गोंदियाचे एक, सावनेरचे एक, गडचिरोलीकडचे एक धोतरातले. सगळ्यांच्या मांडीवर रेक्झिनची बॅग. एकमेकांची प्रकरणं ते असं विचारत होते की लग्नाची मुलं-मुली पाहतात तसं वाटावं: “तुमची कोणत्या वर्षाची?” “सतराची.” “अरे वा, आमची उन्नीसची, मंग लहान हाये.”

आतलं काम पाच मिनिटांत उरकलं. अपिलार्थी हजर. जन माहिती अधिकारी हजर. पण हे बडेबाबू नव्हेत, मधल्या काळात टेबल बदललं होतं, त्यामुळं बडेबाबू आता ‘तत्कालीन’ झाले होते. ‘तत्कालीन’ हे सरकारी माणसाचं चिलखत आहे. आयुक्तांनी कागद चाळले, माहिती पुरवण्याचा आदेश दिला आणि तत्कालीन जन माहिती अधिकाऱ्यानं दंड का आकारू नये याचा खुलासा करावा असं म्हटलं. कलम २०: दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, म्हणजे शंभराव्या दिवशी मीटर थांबतं, मग तुम्ही शंभर दिवस उशीर करा की हजार. आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, साक्षीला बोलावता येतं, कागद मागवता येतात. पण थेट शिक्षा म्हणाल तर ती एवढीच. आणि तीही खालच्या खुर्चीला. आदेश देऊनही माहिती न देवविणाऱ्या वरच्या साहेबाला कलम २० चा दंड लागत नाही. परतीच्या गाडीत काकाजी म्हणाले, “बडेबाबूचं रिटायरमेंट जवळ आलं. दंड नको व्हायला.” मी चमकून पाहिलं. ते खिडकीबाहेर वाटेतल्या जाम गावच्या संत्र्याच्या टोपल्या पाहत होते.

माहिती आली. काकाजींनी चष्मा पुसला, एमबीची पानं अंथरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन गल्लीत उतरले. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. लांबी मोजली, रुंदी मोजली, खोली काडी घालून मोजली. नाली बरोबर निघाली. एमबीत होती तेवढीच, काँक्रीटच्या जाडीसकट. असा हताश झालेला माणूस मी पाहिला नाही. इतक्या वर्षांचं अपील, आणि नाली बरोबर!

टपरीवर यावरून पुष्कळ हसू झालं. पण ठेकेदाराचा माणूस तिथंच बसला होता, तो हसला नाही. काम चालू असतानाच काकाजींचा अर्ज पडल्याचं त्यांना कळलं होतं, म्हणाला. मग शेठनं सांगितलं, ह्या गल्लीत हात आखडू नका. बाजूच्या गल्लीत अर्ज नव्हता. बाजूच्या गल्लीतली नाली पहिल्याच पावसात बसली हे सगळ्यांना माहीत आहे. आयोगाचा निकाल काही वर्षांनी आला. त्याची सावली काम चालू असतानाच पडली होती. मी हे काकाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी लक्ष दिलं नाही. ते नालीच्या उताराचा विचार करत होते. पाणी उलट्या दिशेनं वाहत होतं, आणि उताराची दिशा एमबीत लिहायची पद्धत नाही. संध्याकाळपर्यंत नवा अर्ज तयार होता.

या धंद्यात दुसऱ्या जातीचीही माणसं आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. सकाळी अर्ज, दुपारी ठेकेदाराचा फोन, संध्याकाळी अर्ज मागं. त्यांच्यामुळं प्रत्येक अर्जदाराकडं लोक एकाच नजरेनं पाहतात आणि कार्यालयांना आयती ढाल मिळते. काकाजींना असा एक फोन आला होता. त्यांनी फोनवरच्या माणसाला शांतपणे सांगितलं, की अर्ज मागं घेण्याचा नमुना कायद्यात दिलेला नाही.

आणि हसण्यावारी न नेण्यासारखीही गोष्ट आहे. १३ जानेवारी २०१० ला तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. जमिनीचे व्यवहार त्यांनी माहिती अधिकारात बाहेर काढले होते. ती बातमी आली तेव्हापासून काकूंनी काकाजींचं विजासन टेकडीवर एकट्यानं फिरायला जाणं बंद केलं. काकाजी म्हणाले, “मी नालीची माहिती मागतो. ते जमिनीची मागत होते.” काकू म्हणाल्या, “नालीखाली जमीनच असते.” यावर काकाजींकडं कलम नव्हतं. आता शेजारचा मुलगा सोबत जातो.

२८ सप्टेंबरला राज्यात माहिती अधिकार दिन साजरा करतात. एका वर्षी एका कार्यालयानं दूरदृष्टी दाखवून काकाजींनाच प्रमुख पाहुणे बोलावलं. शाल, श्रीफळ, गुच्छ. त्यांनी भाषणात स्वीडनपासून सुरुवात केली, १७६६ साली जगातला पहिला असा कायदा तिथं झाला. मग अण्णा हजारेंच्या उपोषणावर आले आणि केंद्राच्या आधी महाराष्ट्रानं स्वतःचा कायदा केला होता हे टाळ्या घेत सांगितलं. अध्यक्षांनी आभार मानले. २९ तारखेला काकाजींचा अर्ज दाखल: शाल, श्रीफळ व गुच्छ यांवर झालेल्या खर्चाची व्हाउचरं. श्रीफळाच्या किमतीवरून पुढं बरंच झालं.

त्यांची एक इच्छा मात्र राहून गेली. आयोग हाही सार्वजनिक प्राधिकरण आहे. त्यालाही जन माहिती अधिकारी असतो, त्यालाही पहिलं अपील ऐकणारा साहेब असतो. तेव्हा आयोगाकडं माहिती मागायची, ती मिळाली नाही की पहिलं अपील आयोगातच, आणि दुसरं अपील आयोगाविरुद्ध आयोगापुढं. काकाजींना या कल्पनेनं रात्री झोप येत नसे. शेवटी त्यांनी अर्ज टाकलाच: माझ्या प्रलंबित अपिलांची यादी, त्यांच्या क्रमांकांसह. तिसाव्या दिवसाची ते डोळ्यांत तेल घालून वाट पाहत होते. एकोणतिसाव्या दिवशी पोस्टमननं लिफाफा दिला. संपूर्ण माहिती, शिक्क्यासह, सुबक. काकाजींनी तो लिफाफा दोन दिवस उघडा ठेवला आणि कोणाशी बोलले नाहीत.

मागच्या महिन्यात संध्याकाळी बडेबाबू काकाजींच्या अंगणात आले. रिटायर होऊन वर्ष झालं, पेन्शन अजून तात्पुरतीच. का? सेवा पुस्तक सापडत नाही. ज्या कार्यालयात बडेबाबूंनी हयात घालवली तिथल्या नव्या बाबूनं त्यांना लेखी उत्तर दिलं होतं, आणि भाषा बडेबाबूंचीच होती: सदर अभिलेख आढळून येत नाही.

काकाजींनी पाट दिला, पाणी दिलं, आणि कागद मागितला. बडेबाबू अर्ज लिहूनच आले होते. काकाजींनी चष्मा चढवून पेन्सिल काढली.

“‘माझी पेन्शन का अडली’, हे काढा. ‘का’ चालत नाही.”

“तुमीच शिकवलं का मले हे,” बडेबाबू म्हणाले, “मीच तं ह्याच्यावर तुमचे अर्ज फेटाळले.”

“माहीत हाये. पुढं. सेवा पुस्तकाची साक्षांकित प्रत, अन् ते शेवटी कोणाच्या ताब्यात होतं त्याचं नाव-पदनाम. हे ठेवा. एकशे त्रेपन्न शब्द झाले.” पेन्सिल फिरली. “‘महोदय’ राहू द्या. ‘नम्र’ काढा. ‘आपला विश्वासू’ काढा, दोन शब्द वाचले.”

बडेबाबूंनी अर्ज घडी करून खिशात ठेवला. मग उठता उठता विचारलं, “काकाजी, किती दिवसांत मिळन जी?”

“तुमी किती दिवसांत देत होते?”

बडेबाबू थोडा वेळ चपला शोधत राहिले. मग सवयीनं म्हणाले, “सोमवारी येऊन पाहा.”